पहारा बदलताना

एकोणचाळीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हुद्द्याचे नाव चार वेळा बदलले, परंतु काम अथपासून इतिपर्यंत एकच राहिले, आणि ते म्हणजे ऐकणे. जुळणीच्या रांगेच्या शेवटी तयार गिअरबॉक्स आला की तो टेस्ट बेंचवर चढवायचा, त्यात तेल भरायचे, मोटर जोडून ठरलेल्या फेऱ्यांवर तो फिरवायचा, आणि तो जो नाद करील त्यात कोठे काही वावगे आहे की काय याचा निवाडा करून त्याच्यावर हिरवी किंवा तांबडी चिठ्ठी डकवायची, एवढाच माझ्या कर्तव्याचा विस्तार होता. एका पाळीत साठ-सत्तर बॉक्स माझ्या कानांवरून जात, आणि त्यांतील एकाही बॉक्सचे मी कौतुक केल्याचे मला आठवत नाही. कारण जो निर्दोष असे त्याच्यात माझ्या दृष्टीने ऐकण्याजोगे काही उरतच नसे.

१९८६ साली औंधच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून फिटरची सनद घेऊन मी भोसरीतल्या एका कारखान्यात रुजू झालो. ज्या उस्तादांच्या हाताखाली माझी नेमणूक झाली त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या हाती एक लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर दिला, त्याचे टोक फिरत्या बॉक्सवर बेअरिंगच्या घरापाशी टेकवायला आणि मूठ कानामागच्या हाडावर दाबायला सांगितली, आणि म्हणाले, “आता तोंड मिट. काय ऐकू येतं ते मला सांगू नकोस. महिनाभर नुसतं ऐक.” त्या महिन्यात पोलादाच्या दांड्यातून माझ्या कवटीत जे शिरले ते एक स्वतंत्र शब्दभांडारच होते. दात्यावर टोचा पडला असेल तर दर फेरीला एकदा, आणि एकदाच, येणारा खटका. बेअरिंगमध्ये कचरा गेला असेल तर वाळूवरून चप्पल ओढावी तशी किरकिर. दात्याची घडण केसभर चुकली असेल तर वेग वाढवताच चढत जाणारी शिट्टी. आणि तेल कमी पडले असेल तर एक कोरडा, तहानेला घासटा. पुढे कंपन मोजणारे संवेदक आले, संगणकाचे पडदे आले आणि आवाजाचे आलेख निघू लागले; परंतु पडद्यावरची रेघ आणि माणसाचा कान यांची साक्ष जुळली नाही, तर बॉक्स बाजूला काढण्याचा अधिकार कानाकडेच राहील, असा आमच्या खात्याचा शिरस्ता अखेरपर्यंत टिकला.

या विद्येची किंमत घरात द्यावी लागली. छताच्या पंख्याचे बेअरिंग किती दिवस काढील हे मला अंथरुणावर पडल्या पडल्या कळे आणि मग झोप येत नसे. आमचे घर आळंदीत, गोपाळपुऱ्याच्या बाजूला. बारा महिने जेथे टाळमृदंगाचा घोष थांबत नाही अशा गावात जन्म घेऊनही माझी अवस्था अशी झाली होती, की दिंडी दारावरून गेली तर चाळीस टाळांच्या त्या गजरातून मला एकच टाळ ऐकू येई, आणि तो म्हणजे काठाला चीर गेलेला. गोष्ट दुःखाची होती आणि ती मी कोणाला सांगितली नव्हती. सुख देणाऱ्या नादाचे दान ज्याला जन्मतःच पदरात मिळाले होते, त्याने त्या दानातला फक्त दोष निवडून बाजूला काढावा, ही सवय नोकरीने लावली होती खरी. परंतु पाळी संपल्यावर ती गेटवर ठेवून यायची सोय नव्हती.

२००९ मध्ये मी चाकणच्या औद्योगिक वसाहतीत दाखल झालो. तेथे महिन्यातला एक आठवडा तिसरी पाळी असे. रात्री दहाला आत जायचे आणि सकाळी सहाला बाहेर यायचे. २०१२ च्या पावसाळ्यातील एका पहाटे, परतीच्या बसमध्ये, माझ्या शेजारी बसलेल्या एका तरुण प्रशिक्षणार्थ्याने आपल्या कानातले इअरफोन काढून माझ्यापुढे धरले. आदल्या रात्री त्याच्या हातून तीन बॉक्स रिवर्कला गेले होते आणि त्यांवर तांबड्या चिठ्ठ्या मी लावल्या होत्या. त्यामुळे त्याच्या या कृतीचे मला नवल वाटले. तो म्हणाला, “काका, हे ऐकून बघा. यात काही होत नाही, पण बरं वाटतं.”

स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरातील दोघा तरुणांनी कार्बन बेस्ड लाइफफॉर्म्स या नावाने केलेला ‘हायड्रोपॉनिक गार्डन’ हा तो संगीतसंग्रह २००३ साली निघाला होता, हे मला पुढे कळले. त्या वेळी कळले ते एवढेच, की कोठेतरी फार खोल एक स्वर धरून ठेवलेला आहे आणि त्याला सोडायची कोणालाही घाई नाही. त्या स्वरावर, पाण्यावर तेलाचा थेंब पसरावा तसा, दुसरा एक स्वर हळूहळू रुंद होत होता. बऱ्याच वेळाने एक ठोका आला. चालणाऱ्या माणसाच्या पावलाहून धिमा, आणि इतका मऊ, की तो वाजला की वाजल्याची आठवण झाली ते सांगता येऊ नये. मी जे करत आलो होतो तेच केले. दोष शोधू लागलो. खटका कोठे आहे, शिट्टी कोठून चढते आहे, दर फेरीला परत येणारे ते काय आहे, असा माझा कान सराईत झडती घेत राहिला. चाकणच्या बाजारापाशी कांद्याच्या ट्रकांनी रस्ता अडवला होता, म्हणून बस बराच वेळ उभी होती. त्या अवधीतही झडती चालूच होती. पुढे महामार्गावरून आळंदी फाट्याला बस वळली आणि केळगावच्या अलीकडे केव्हातरी माझ्या ध्यानात आले, की झडती थांबलेली आहे. ती मी थांबवली नव्हती. ज्यावर ठपका ठेवता येईल असे काही न सापडल्यामुळे कानाने आपण होऊन हात खाली घेतले होते, आणि तरीही तो ऐकत होता.

निर्दोष वस्तूमध्येही ऐकण्याजोगे काही असते, हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्या बसमध्ये समजले.

पुढील काही महिने मी त्या मुलाकडून या जातीचे संगीत मागून घेत राहिलो. यास ॲम्बियंट म्हणतात आणि ज्यात धिमा ठेका असतो त्यास डाऊनटेम्पो म्हणतात, एवढी परिभाषा त्यानेच मला दिली. त्यातील ठोक्यांची गती साधारणतः मिनिटाला साठ ते शंभरच्या दरम्यान, म्हणजे स्वस्थ बसलेल्या माणसाच्या नाडीच्या आसपास असते. परंतु मला ओढून नेले ते निराळ्याच एका गोष्टीने, आणि ती गोष्ट गिअरशी रोजचा संबंध असणाऱ्या माणसाखेरीज इतर कोणाला इतकी जवळची वाटली असती असे मला वाटत नाही.

ब्रायन ईनो या इंग्रज संगीतकाराच्या १९७८ सालच्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’मध्ये एक रचना आहे. तीत शब्द नाहीत. मानवी कंठातून निघालेले काही दीर्घ स्वर आहेत, आणि प्रत्येक स्वर टेपच्या एका स्वतंत्र वेटोळ्यावर ध्वनिमुद्रित केलेला आहे. ही वेटोळी इतकी लांब होती, की जर्मनीतल्या एका ध्वनिमुद्रणगृहात ती ॲल्युमिनियमच्या नळ्यांच्या खुर्च्यांभोवतून फिरवून आणावी लागली. एक स्वर साडेतेवीस सेकंदांनी परत येतो, दुसरा पावणेसव्वीस सेकंदांहून किंचित उशिराने, तिसरा तिसांना थोडे कमी असताना. ही मापे एकमेकांत सरळ भागली जात नाहीत. त्यामुळे प्रत्येक वेटोळे आपापल्या परीने तेच ते म्हणत असले, तरी त्यांची एकत्र गाठ दर वेळी नवी पडते. कधी दोन स्वर एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून येतात, कधी मध्ये एवढी मोठी शांतता पडते, की आपल्याच श्वासाचा आवाज त्या रचनेत सामील होतो.

हे मी वाचले तेव्हा हातातला चहा तसाच ठेवून मी उठून उभा राहिलो. कारण हाच नियम मी आयुष्यभर हाताळत होतो. लहान गिअरला २० दाते आणि मोठ्याला ४० दाते असे कोणी शहाणा कारागीर करीत नाही. तसे केले तर लहान गिअरचा एखादा दाता दर दोन फेऱ्यांनी मोठ्याच्या त्याच दात्याला भिडेल, आणि एकाची जखम दुसऱ्यावर पुन्हा पुन्हा त्याच जागी उमटत राहील. म्हणून २३ आणि ४१ असे दाते घेतात. या दोन संख्यांना १ खेरीज सामाईक भाजक नाही. परिणामी कोणत्याही दोन दात्यांची एकदा भेट झाली, की पुन्हा तीच भेट व्हायला लहान गिअरला ४१ फेऱ्या माराव्या लागतात, आणि मधल्या काळात त्याचा तो दाता समोरच्या गिअरच्या प्रत्येक दात्याला एकेकदा भेटून येतो. झीज सर्वांमध्ये समान वाटली जाते. मिनिटाला १८०० फेऱ्यांवर २३ दात्यांचा गिअर सेकंदाला ६९० वेळा भिडतो, आणि त्याचा जो सूर निघतो तो आमच्या भजनी मंडळाच्या भाषेत सांगायचे तर वरच्या सप्तकातील पांढरी चारच्या किंचित खाली बोलतो. हा सूर मी पंचवीस वर्षे रोज ऐकला होता. तो बिघडला आहे की नाही एवढेच मी त्याला विचारले होते. तो काय आहे, हे मी त्याला त्या दिवशी प्रथम विचारले.

ईनोला या वाटेवर आणणारा प्रसंग सर्वश्रुत आहे. तथापि तो येथे नोंदवतो, कारण पुढे माझ्या घरात त्याची आठवण व्हायची होती. १९७५ च्या आरंभी एका अपघातानंतर तो अंथरुणाला खिळलेला असताना एका स्नेही बाईंनी त्याला हार्प या तंतुवाद्याची एक जुनी तबकडी आणून दिली. बाई निघून गेल्यावर त्याने ती कष्टाने उठून लावली, आणि पुन्हा आडवा झाल्यावर त्याच्या लक्षात आले, की आवाज फार लहान ठेवला गेला आहे आणि दोहोंपैकी एक कर्णा बंद आहे. पुन्हा उठण्याइतके त्राण नव्हते. बाहेर पाऊस पडत होता. त्या पावसातून मधूनमधून तंतूंचे काही स्वर वर येत आणि बुडत, आणि ते ऐकताना संगीत हे खोलीतल्या उजेडासारखे, पावसासारखे असू शकते असे त्याला वाटले. त्याच वर्षी त्याचे ‘डिस्क्रीट म्युझिक’ निघाले.

परंतु हा सूर धरून बसण्याची विद्या पाश्चात्त्यांनी स्वतःच्या बुद्धीने उभी केली, असे मात्र नव्हे. किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ १९७० साली न्यूयॉर्कला गेले आणि ला माँट यंग, टेरी रायली यांच्यासारखे त्या देशातले नव्या वाटेचे संगीतकार त्यांच्यापुढे शिष्य म्हणून बसले. तंबोरा कसा जुळवावा आणि एका स्वरात किती वेळ राहता येते, हे त्यांनी तेथे शिकून घेतले. त्याच घराण्याचे अब्दुल करीम खाँ आपल्या मिरजेला स्थायिक झाले होते आणि त्यांची कबरही तेथेच आहे. ज्या गावात तंबोऱ्याचे भोपळे आजही हाताने कोरले जातात, त्या गावाशी नाते सांगणारा नाद सातासमुद्रापलीकडे जाऊन, विजेच्या यंत्रांतून फिरून, चाकणच्या एका बसमध्ये माझ्या कानात परत आला, हे मला आजही अद्भुत वाटते. आणि ती यंत्रेही आपल्याकडे अगदीच अपरिचित नव्हती. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराच्या साहाय्याने मूग सिंथेसायझर बसवून इलेक्ट्रॉनिक संगीताची कार्यशाळा उभी राहिली होती. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा प्रभृतींनी तेथे केलेले काम टेपांवर पडून राहिले आणि २०२३ साली प्रथमच संग्रहरूपाने लोकांपुढे आले. अर्धशतक दफ्तरात बंद राहिलेला तो नाद मी ऐकला आहे. त्यातील काही तुकडे नुसते प्रयोग आहेत, परंतु काही ठिकाणी तंबोऱ्याची सवय झालेला कान त्या परक्या यंत्रात आपला षड्ज शोधताना स्पष्ट दिसतो.

माझा स्वतःचा षड्ज मात्र याहून फार जवळ होता, आणि मी तो विसरलो होतो.

माझे वडील, अण्णा, यांचे महाद्वाराच्या वाटेवर तुळशीमाळा, बुक्का आणि अष्टगंध विकण्याचे लहानसे दुकान होते. अखंड हरिनाम सप्ताहात एका धर्मशाळेत ते वीणेचा पहारा करीत. वारकऱ्यांची वीणा म्हणजे गळ्यात अडकवून उभ्याने छेडायचा लहान तंबोराच; तिच्यावर राग वाजवायचा नसतो, फक्त मोकळ्या तारा एकामागून एक छेडत राहायच्या असतात. सप्ताहाच्या आरंभी वीणा एकदा उभी राहिली, की सात दिवस आणि सात रात्री ती खाली ठेवायची नाही आणि तिचा स्वर खंडू द्यायचा नाही, असा दंडक आहे. त्यासाठी दोन-दोन तासांचे पहारे लावतात, आणि कोणाचा पहारा केव्हा याची यादी खडूने फळ्यावर लिहिलेली असते. अण्णांनी मध्यरात्रीनंतरचा, दोन ते चारचा पहारा नेहमी आपण होऊन मागून घेतला, कारण त्या वेळेला नाव द्यायला कोणी पुढे येत नसे.

मी सात-आठ वर्षांचा असताना हट्टाने त्यांच्याबरोबर गेलो होतो. कीर्तन संपून मंडळी पांगली होती, भिंतीशी काही म्हातारे घोंगड्या घेऊन आडवे झाले होते, आणि समईच्या उजेडात एक उंच गृहस्थ एकटेच उभे राहून वीणा छेडत मंद पावलांनी मागे-पुढे होत होते. अण्णांनी हातपाय धुतले, कपाळाला बुक्का लावला आणि ते त्या गृहस्थांच्या इतक्या जवळ जाऊन उभे राहिले, की दोघांचे खांदे टेकले. मग त्या गृहस्थांनी मान वाकवली, अण्णांनीही वाकवली, आणि वीणेचा पट्टा एका मानेवरून दुसऱ्या मानेवर गेला. त्या क्षणी एका वीणेवर दोन उजवे हात होते, एकाचे बोट तार सोडत होते आणि दुसऱ्याचे पुढची तार धरत होते. दोन तारांमधले अंतर तसूभरही वाढले नाही. नंतर सुटलेला माणूस वाकून अण्णांच्या पाया पडला आणि अण्णांनी वीणा सांभाळत त्याला वाकून नमस्कार केला. “माउली, दमलात,” एवढेच अण्णा बोलले. मी त्या दोन तासांत जागा राहिलो की झोपलो हे मला आजही सांगता येत नाही, कारण झोप आणि जाग यांच्या दोन्ही बाजूंना तोच स्वर होता. वीणेच्या घोडीवर जेथे तार टेकते तेथे जवारीचा दोरा नीट बसलेला असला, की एका तारेतून अनेक स्वर फुलून येतात आणि छेडणे थांबले तरी काही काळ हवेत राहतात. ते राहिलेले स्वर आणि नव्याने छेडलेले स्वर यांची जी वीण पडते, तिच्यातच बहुधा मी होतो.

बसमधल्या त्या पहाटेनंतर ही आठवण माझ्याकडे परत यायला वर्ष लागले. आमच्याकडे पाळी बदलताना जाणारा येणाऱ्याला चार्ज देतो, वहीत सही होते आणि मशीन चालूच राहते. तेही पहारेच होते. परंतु त्यात मान वाकवणे नव्हते.

या ऐकण्याने माझ्या कामाचे एकदा नुकसानही केले, आणि ते लपवणे मला योग्य वाटत नाही. २०१४ च्या हिवाळ्यात एका रात्री माझ्या हिरव्या चिठ्ठीने गेलेला एक बॉक्स पुढे ग्राहकाकडून तक्रारीसह परत आला. उघडून पाहिले तर दात्याच्या कडेवर टोचा होता. बारीक, परंतु माझ्या कानाने सोडावा इतका बारीक नव्हे. लेखी जबाब मागितला गेला. मी जबाबात नजरचूक, म्हणजे कानचूक, असे लिहिले आणि कसूर कबूल केली. परंतु खरे कारण मला ठाऊक होते. त्या रात्री तो बॉक्स ज्या एका भरीव, संथ हुंकाराने फिरत होता तो मला आवडला होता, आणि आवडलेल्या वस्तूची झडती मी मनापासून घेतली नव्हती. त्या दिवसापासून बेंचवर उभे राहण्यापूर्वी इअर प्लगची डबी हातात घेऊन मी मिनिटभर स्वस्थ उभा राहू लागलो. ज्या कानाने न्याय करायचा त्याने त्या आठ तासांत प्रेम करू नये, आणि उलट बसमध्ये पाय टाकल्यावर न्याय करू नये, अशी मी माझ्याशी तजवीज केली. ती नेहमी पाळली गेली असे म्हणणार नाही.

या प्रकारच्या संगीताच्या नावाखाली जे जे मिळते ते सर्व मला मान्य आहे असेही नाही. निद्रेसाठी, ध्यानासाठी, एकाग्रतेसाठी म्हणून तासन्‌तास वाजणारे जे पाक घातलेले स्वर हल्ली मोबाइलवर मुबलक सापडतात, ज्यांत पक्ष्यांचा चिवचिवाट आणि झऱ्याची खळखळ वरून शिंपडलेली असते, त्यांत मला कारागिरी दिसत नाही. जो स्वर धरला आहे त्याच्यावर भरवसा नसला, की माणूस झऱ्याची खळखळ घालतो. आणि आमच्या नदीकाठी राहणाऱ्याला ती खळखळ फार क्लेशदायक वाटते. इंद्रायणीच्या बंधाऱ्यावरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज मी लहानपणी उशाशी घेऊन झोपलो आहे. आज त्या पाण्यावर कित्येकदा पांढरा फेस तरंगतो, आणि फेसाखालून जो आवाज येतो तो मऊ, दबलेला, कापसातून आल्यासारखा असतो. वारकरी त्यातच स्नान करतात. ज्या औद्योगिक पट्ट्याने माझे घर चालवले, त्याच पट्ट्याच्या आणि वाढलेल्या शहरांच्या सांडपाण्याने हा आवाज बदलला आहे, हे मी अन्न खाल्लेल्या ताटाला साक्षी ठेवून लिहितो.

कारखान्यात गोंगाटाच्या जागी काम करणाऱ्यांच्या कानांची तपासणी होत असे. आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबल ही नियमाची मर्यादा होती. आमच्या विभागात ती सहसा ओलांडली जात नसे, तथापि भोसरीतल्या जुन्या दिवसांत कोणी मोजतही नसे. २०१६ च्या तपासणीत माझ्या आलेखावर ४००० हर्ट्झपाशी रेघ खोल खाली उतरलेली दिसली. यंत्रांच्या गोंगाटाने जाणारे ऐकणे प्रथम याच जागी जाते, हे मला ठाऊक होते. दुसऱ्यांच्या आलेखांवर मी ते पाहिले होते. वाणीतला स, श, पातळ धातूची झणझण आणि दुरून येणारी लहान घंटा या गोष्टी माणसाकडून आधी निरोप घेतात. खालचे, खोल स्वर पुष्कळ काळ शाबूत राहतात. वरिष्ठांनी माझा मान राखून मला बेंचवरून काढले आणि नव्या मुलांना शिकवण्यासाठी जनरल शिफ्टमध्ये घेतले. पहिल्या मुलाच्या हाती मी लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर दिला तेव्हा त्याला महिनाभर गप्प राहायला सांगितले. आणि महिना संपल्यावर, माझ्या उस्तादांनी जे मला विचारले नव्हते ते विचारले, की यातला चांगला बॉक्स कसा वाजतो ते सांग.

२०१९ च्या पावसाळ्यात अण्णा पडले. वय एक्याऐंशीचे होते आणि मांडीचे हाड मोडले होते. पालखी प्रस्थान ठेवून पंढरीच्या वाटेला लागली होती, गाव एकाएकी रिकामे झाले होते, आणि ज्या माणसाने साठ वर्षे ती गर्दी पाहिली होती त्याला भिंतीकडे तोंड करून पडून राहावे लागत होते. रात्री त्यांना झोप येत नसे. एका रात्री मी ईनोची ती टेपच्या वेटोळ्यांची रचना लावून त्यांच्या दोन्ही कानांत इअरफोन घातले आणि शेजारी बसून राहिलो. ते बराच वेळ डोळे मिटून होते. मग म्हणाले, “जुळलंय चांगलं.” आणि थोड्या वेळाने, “यात वीणेकरी बदलत नाही काय रे?”

मी म्हणालो, “नाही अण्णा. माणूस नाही, यंत्र आहे. टेप फिरतेय.”

“मग पहारा कोण करतंय?”

मला उत्तर देता आले नाही, आणि आज सहा वर्षांनीही देता येत नाही. खुर्च्यांभोवती टेप गुंडाळणारा तो माणूस पहाऱ्यावर होता काय, की ती फिरायला लागल्यावर तो निघून जाण्यास मोकळा होता? ज्या संगीताने मला माझे ऐकणे परत दिले, त्यात कोणाचीही मान आखडत नाही, कोणाला झोप आवरावी लागत नाही, आणि कोणी कोणाच्या पाया पडत नाही. अण्णांचा प्रश्न मला त्या संगीतावरचा आक्षेप वाटला नाही. ज्याने अखंड स्वराचे वजन मानेवर घेतले आहे अशा माणसाची ती चौकशी होती.

दुसऱ्या दिवशी सांजवेळी त्यांनी स्वतःहून ते मागितले. मी दोन्ही कानांकडे हात नेला तेव्हा त्यांनी एक बाजू अडवली. “एकाच कानात घाल. दुसरा हरिपाठाला मोकळा राहू दे.” शेजारच्या धर्मशाळेत मागे राहिलेले चार म्हातारे हरिपाठ म्हणायला बसत, त्यांचे टाळ सुरू व्हायचे होते. “आणि आवाज कमी कर. अजून. अजून थोडा.” मी तो शेवटच्या रेघेपर्यंत खाली आणला. बाहेर पाऊस लागला होता.

दुसरा इअरफोन उशीवर मोकळा पडला होता. अशा मोकळ्या इअरफोनमधून जो बारीक, पातळ आवाज निसटतो तो वरच्या स्वरांचा असतो, आणि तो माझ्या कानांनी केव्हाच सोडलेला होता. मी वाकून कान अगदी उशीजवळ नेला. काही ऐकू आले नाही. आयुष्यभर चालू आणि बंद, बरे आणि बिघडलेले, याचा निवाडा मी एकट्याने दिला होता. त्या संध्याकाळी मला विचारावे लागले.

“अण्णा, चालू आहे ना?”

“चालू आहे,” ते म्हणाले.